नानांनी पास केलेला डबा

बबननानांनी आजवर एकही बाटली पास केली नव्हती.

जुन्नरला स्टँडसमोर मुनीरभाईंचं कोल्ड्रिंकचं दुकान आहे, तिथं मी काउंटरला असतो. उपळसरीच्या सरबताची नवी बाटली आली की मढहून एस.टी.नं नाना हजर. उपळसरी म्हणजे डोंगरातली वासाची मुळी. तिचं सरबत उन्हाळ्यात फार खपतं आणि कंपन्याही पुष्कळ. नानांना त्यांची नावं लागत नाहीत, चित्रांवर भागतं. "मोरवाली म्हंजी नुसता पाक. घडेवाली निस्ता रंग. अन् ह्या बाटलीवरली बाई हसतीया ना, ती आपल्यालाच हसतीया." शेवटी निकाल, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा: "मुळी न्हाई."

एकदा मोरवाल्यांचा माणूस स्वतः आला. म्हणाला, "आजोबा, आमचा माल पुण्यात जोरात चालतो."

"मग पुण्यात चालव. हितं लोकांनी मुळी बघितलीया."

तो रागानं निघून गेला. नानांनी खुर्चीत पाय आणखी लांब केले.

त्यांची रीत अशी, की आधी मी प्यायचं. "तू आदी. लांबून आलेला पावणा तू." मी किनवटकडचा. शाळा सातवीत सुटली. इथं आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. "ठेव रं मुनीर, माझ्या जबाबदारीवर," असं नाना म्हणाले म्हणून मी इथं उभा आहे. कधी हाकलतील ही धाकधूक अजून जात नाही. नाना खुर्चीत असले की जरा कमी होते, एवढंच.

परवा मुनीरभाईंचा मेहुणा सलीम पुण्याच्या मॉलमधून एक परदेशी डबा घेऊन आला. त्यावर 'रूट बियर' लिहिलेलं. "रूट म्हणजे मुळीच," मुनीरभाई म्हणाले. "नावालाच बियर. दारू नाय त्यात, असती तर मी दुकानात घेतली असती का?"

पण बियर ती बियर. दारूला शिवणार नाही असा आईला शब्द देऊन मी घर सोडलंय. मी नकाराची मान हलवली. लोक बघत होते, तेव्हा पहिल्यांदाच नानांनी आधी ग्लास उचलला. घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ घेतला.

"मुळी हाय ह्यात."

सलीमनं ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "नाना, हा तर गुडघ्याचा बाम आहे. सगळ्या दुनियेला नापास केलं आणि बाम पास? नाक गेलं का तुमचं?"

दुकान हसलं. नाना हसले नाहीत. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. मला कळलं, की आज हे उठले तर परत येणार नाहीत.

मी डबा उचलला आणि राहिलेलं सगळं घटाघटा प्यालो. बामच होता तो, कानापर्यंत गेला. तोंड दगडासारखं ठेवलं आणि म्हणालो, "मुळी आहे. ज्याला कळत नसेल त्यानं पाकाचं पाणी प्यावं."

"दोघंबी गेले कामातनं," सलीम म्हणाला. मुनीरभाईंनी त्याला बर्फ फोडायला पाठवलं.

संध्याकाळी मढच्या गाडीपर्यंत नानांना सोडायला गेलो.

"खोटं बोललास."

"हो."

"खरं कसं लागलं?"

"बाम."

नानांनी पिशवी खाली ठेवली. "त्या कोरोनाच्या तापात नाक गेलं, चवबी गेली. घरी एकटाच. भाकर काय अन् पुठ्ठा काय, सारखंच लागतं. हितं तू पितोस, तवा तुझ्या तोंडाकडं बघतो. कसं लागतंय ते समदं दिसतं. तेवढीच चव मला."

 गाडी लागली. मी त्यांची पिशवी वर दिली. खिडकीशी बसल्यावर ते म्हणाले, "उंद्याच्याला घोड्याच्या चित्राची नवी बाटली येतीया म्हनं."

"येतेय."

"आदी तू पी. अन् आजच्यासारखं तोंड दगड करू नगं."