रेघ लिहिणारे मस्के सर

आमच्या दिंद्रुडच्या शाळेतले मस्के सर आकृती काढत नाहीत, लिहितात. चौकोन हवा असला तरी माऊसला हात लावायचा नाही. 'मुख्याध्यापक, मग बाण, मग क्लार्क' असं कॉम्प्युटरवर ओळीनं टाइप करायचं आणि बटण दाबायचं. मग चौकोन आणि बाण आपापल्या जागी येऊन बसतात. मी पडलो चित्रकलेचा शिक्षक. त्यामुळे हे सगळं माझ्यासमोर करताना त्यांना विशेष आनंद होतो.

"रेगा वडता कावून, सर? नुसतं सांगा. चौकोन बसतेत आपल्या जागी," हे त्यांचं पालुपद.

हे वेड शाळेपुरतं असतं तर ठीक होतं. पुतणीच्या लग्नात कोणी कोणाला फेटा बांधायचा, याचीही आकृती त्यांनी मांडवात चिकटवली. लिहिताना एक नाव चुकलं आणि मामांचा बाण व्याह्यांऐवजी आचाऱ्याकडे गेला. मामांनी कागद बघून इमानदारीत आचाऱ्याला फेटा बांधला. व्याही रुसून बसले.

"पर आचारी लई खूष झाला ना!" सर अजून म्हणतात.

त्यांच्या एका आकृतीला मात्र आम्ही कोणी हसत नाही. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, की कोणतं लेकरू मागं आजीपाशी राहिलं आणि त्याच्याकडे कोणत्या शिक्षकानं लक्ष द्यायचं, हे त्यात असतं. दरवर्षी नावं बदलतात. सर तेवढ्या ओळी बदलतात आणि चित्र नव्यानं जुळतं. सगळ्यात जास्त लेकरं त्यांच्याच नावापुढे असतात.

या महिनाअखेरीस सर रिटायर होताहेत आणि ती फाईल माझ्या गळ्यात पडली आहे. काल त्यांनी मला शेजारी बसवलं, स्वतःची लेकरं माझ्या नावापुढे लिहायला लावली आणि म्हणाले, "आता माजी ओळ काडून टाका."

"राहू द्या की सर."

"काडा हो. मी असा कागदावरच ऱ्हायलो तर लेकरानं जायचं कुणाकडं?"

मी ओळ काढली, बटण दाबलं. सगळे चौकोन झटकन जवळ सरकले. सर तिथं कधी होते असं वाटेचना. मला फार वाईट वाटलं. हातानं काढलेली आकृती असती तर खोडल्याचा डाग तरी राहिला असता.

सरांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"बगा, जागासुदा न्हाई ऱ्हायली. लई भारी काम हाय हे."

मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, आपल्या स्टाफचं एक चित्र काडता का? हातानं. मी कडंला असलो तरी चालंल."