एका बाजूनं जळणारा सिगार

सिगार कसा ओढावा हे मला विचारा, असं मी सासऱ्यांना सांगितलं तेव्हा मी आयुष्यात एकही सिगार ओढलेला नव्हता. पण माणसाला एखादी संधी तीन वर्षांनी मिळाली, तर तो खरं बोलत बसत नाही.

सासरे जहाजावर इंजिनिअर होते. अठ्ठावीस वर्षं इंजिनाच्या आवाजात काढल्यामुळे बोलायची सवयच गेली, असं बायको म्हणायची. लग्नानंतरच्या तीन वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं लिफ्टमधला अनोळखी माणूसही बोलतो. त्या रविवारी मात्र ते एक लाकडी डबी घेऊन गॅलरीत आले. जुन्या सोबत्यानं दोन सिगार पाठवले होते. "तुम्हाला यातलं कळतं का?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यावर मी काय म्हणालो ते वर आलंच आहे.

मी ऐटीत टोक कापलं, लायटर लावला, एक झुरका घेतला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा सिगार एकाच बाजूनं पेटला होता. डावी बाजू सरसर जळत चाललेली, उजवी कोरी करकरीत! न्हाव्यानं अर्धी दाढी करून जेवायला निघून जावं, तसा दिसत होता तो.

मी खुर्ची हळूच वळवली, म्हणजे सासऱ्यांना कोरी बाजू दिसू नये. मग जोरजोरात झुरके घेतले. जळती बाजू आणखी पुढे पळाली. बोट ओलं करून तिला लावलं, बोट भाजलं. कोऱ्या बाजूला लायटर धरला, तर वरचं पान भुर्रकन पेटलं आणि माझ्या हातात दिवटी आली! फुंकर मारली. ज्योत विझली, पण एक निखारा उडून सासऱ्यांच्या लाडक्या उशीच्या उसवलेल्या शिवणीत शिरला. ती उशी माझ्या पाठीशी होती, त्यामुळे ही बातमी मला जरा उशिरा, आणि थेट पाठीकडूनच कळली.

मी उठून उशी खाली आपटायला लागलो. धूर पाहून बायको आतून धावत आली. आग लागली आहे की नवऱ्यालाच काही झालंय, हे विचारण्यात वेळ न घालवता तिनं फरशी पुसायची बादली माझ्यावर रिकामी केली.

संपलं, मला वाटलं. आता पुढची तीन वर्षं लिफ्टइतकंही बोलणं नाही. भीत भीत सासऱ्यांकडे पाहिलं, तर तेही माझ्याकडे पाठ करून बसलेले. हातातला सिगार त्यांनी चटकन मांडीआड लपवला, पण मला दिसलाच. अर्धा जळालेला, अर्धा कोरा.

"तुम्ही करत होता तसंच करत होतो," ते म्हणाले. "मी कधी ओढलेला नाही. म्हटलं, जावयांना येतं, तर बघून शिकू."

मग मीही काय ते सांगून टाकलं. ते इतके हसले, की बायको दुसरी बादली आणायला निघाली.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. माझ्या हातातली ओली उशी पाहिली, सासऱ्यांच्या हातातला सिगार पाहिला आणि तो काढून घेतला. राख अलगद झाडली, कोरी बाजू खाली केली, लायटरची ज्योत तिला लांबूनच दाखवली, दोन बारीक झुरके घेतले आणि थांबल्या. "घाई केली की बिघडतो. थोडं त्याचं त्याला जळू द्यायचं," त्या म्हणाल्या. दोन मिनिटांत विस्तव गोल, नाण्यासारखा झाला.

सासरे बघतच राहिले. "तुला कुठून येतं हे?"

"माझ्या वडिलांना रोज पेटवून कोण द्यायचं? सदतीस वर्षांत तुम्ही कधी विचारलंत?"

सासऱ्यांनी सिगार परत घ्यायला हात पुढे केला. सासूबाईंनी त्या हातात उशीचं एक टोक दिलं, दुसरं माझ्या हातात दिलं, आणि माझ्या खुर्चीत बसून शांतपणे धूर सोडू लागल्या.

आम्ही दोघं पिळत राहिलो. तासभर छान गप्पा झाल्या, म्हणजे बोलत सासरेच होते. उशी मात्र फेकूनच द्यावी लागली.