फ्रीजमध्ये ठेवलेलं गाणं

"ज्या यंत्राचा आवाज येत नाही, ते यंत्र ठणठणीत!" हा फ्रीजवाल्यांचा सिद्धान्त. उभा जन्म लोकांचे फ्रीज दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे जुन्या कंप्युटरच्या दुकानातही स्वारीने तेच आरंभलं. एकेका लॅपटॉपला कान लावायचा आणि डॉक्टरासारखी मान हलवायची!

"घरी गाणी रेकॉर्ड करायचीत ना? मग हा घ्या," दुकानदार म्हणाला. "स्वस्त आणि दणकट. पंखा जरा घरघरतो, एवढंच."

"घरघरतो? बायकोचं गाणं आहे, पिठाची गिरणी नव्हे! हा बघा, कसा गप्प बसलाय."

"अहो, पण त्याचा पंखा..."

"यंत्रातलं मला शिकवू नका!"

बायको शाळेत संगीत शिकवायची. शाळेच्या कार्यक्रमात दरवर्षी मुख्याध्यापिकाबाई स्वतःचंच गाणं वाजवत. यंदा कशाबशा विरघळल्या होत्या. "संध्याकाळपर्यंत तुमचं रेकॉर्डिंग आणा, नाहीतर माझं आहेच!"

घरी बायकोने सूर लावला. पहिल्याच कडव्यात लॅपटॉप बंद! पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. हात लावला तर इस्त्रीसारखा तापलेला. तो गप्प होता, कारण त्याचा पंखा फिरतच नव्हता!

बायकोचे डोळे भरून आले. "गेलं माझं गाणं! आता परत त्यांचंच रडगाणं ऐका."

"अगं, रडतेस काय? थंड करणं हा तर आपला धंदा!"

दूध, भाजी, पातेली, सगळं ओट्यावर आलं. लॅपटॉप फ्रीजच्या मधल्या कप्प्यात विराजमान झाला. माइकची वायर दाराच्या फटीतून बाहेर काढली. घरघर नको म्हणून फ्रीजही बंद केला. मग बायको बंद दारासमोर उभी राहून अशी गायली, की फ्रीजवाल्यांनी रुमालच काढला.

शेवटची ओळ संपते न संपते तोच फ्रीजवाल्यांच्या आईने फ्रीज उघडला.

"अरे मेल्या! दूध बाहेर नासतंय आणि हे डबडं आत गारेगार?"

तिने डबडं उचलून बाहेर ठेवलं. ते तापायला लागलं. फ्रीजवाल्यांनी घाईघाईत गाणं पेनड्राइव्हवर घेतलं आणि लॅपटॉपने जो प्राण सोडला, तो कायमचाच. गाण्यामागोमाग रेकॉर्ड झालेलं आईचं वाक्य कापायला काही तो उठला नाही. "शेवटी झटकन बंद करायला सांगू," असं म्हणत दोघं शाळेकडे पळाली.

सभागृहात गाणं लागलं. सगळे कान टवकारून बसले. कुणीतरी चार रजयांखाली गातंय, एवढंच कळत होतं! फ्रीजवाल्यांनी वायर भलत्याच भोकात खुपसली होती. त्यामुळे लॅपटॉपने आपल्याच माइकने रेकॉर्डिंग केलं होतं, बंद फ्रीजच्या आतून. बंद करायला बसलेल्या शिक्षकांना गाणं संपल्याचाही पत्ता लागला नाही. आणि मग रेकॉर्डिंगमधल्या फ्रीजचं दार उघडलं.

"अरे मेल्या!"

सभागृह दणाणलं. शब्द न् शब्द लख्ख! टाळ्या थांबेनात.

मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या. "आवाज काय स्वच्छ आलाय हो तुमच्या आईंचा! पुढच्या वर्षी त्यांचंच ठेवू."

घरी परतताना बायकोच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. जिथे आवाज नाही तिथे सगळं ठणठणीत, या सिद्धान्तावरचा फ्रीजवाल्यांचा विश्वास त्याच रस्त्यावर उडाला.