भाग नऊशे बाराचं परीक्षण

बायको गेल्याच्या चौथ्या दिवशी काका तिच्या संगणकासमोर बसले. आयुष्यभर त्यांनी इमारतींचे नकाशे काढले होते. टाइप करायचं म्हणजे एका बोटाने, अक्षर शोधत शोधत. पण हे एक काम लेकीवर ढकलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, बँकेत, सगळीकडे तिनेच कळवलं होतं. उरलं होतं ते साप्ताहिक.

त्या साप्ताहिकाच्या वेबसाइटवर काकू 'चष्मेवाली' या नावाने दर आठवड्याला एकाच मालिकेचं परीक्षण लिहायच्या. मालिका जपानी, अ‍ॅनिमे म्हणजे कार्टूनची, एकोणीस वर्षं चाललेली. त्यात एक वेंधळी चेटकीण, जिचा एकही मंत्र धड लागत नसे, आणि तिचा भित्रा ड्रॅगन, ज्याला बारमाही सर्दी. काकू खोखो हसायच्या. काका खोलीतून जाता जाता म्हणायचे, "संपलं नाही का अजून हे?" या विषयातलं त्यांचं योगदान एवढंच.

पडद्यावर एक रिकामी चौकट उघडी होती. वर लिहिलं होतं, 'भाग ९१२'. संपादकांना निरोप धाडायची जागा हीच, असं समजून काकांनी लिहिलं :

"ती गेली. मंगळवारी सकाळी. फार त्रास झाला नाही. शेवटपर्यंत थट्टा करत होती. यापुढे कसं व्हायचं, मला सुचत नाही."

आणि 'पाठवा' दाबलं. निरोप संपादकांकडे गेलाच नाही. थेट वेबसाइटवर झळकला. भाग रविवारी यायचा होता, पण चष्मेवालीला तो आधी बघायला मिळतो हे वाचकांना ठाऊक होतं. म्हणजे चेटकीण मेली! वाचकांनी एकच हंबरडा फोडला.

संध्याकाळी लेक दवाखान्यातून आईचे कागद घेऊन परतली, तर बाबा पडद्याला नाक लावून बसलेले.

"चारशे सोळा लोकांनी लिहिलंय गं," ते म्हणाले. "केवढी माणसं ओळखत होती तिला! हा दातांचा डॉक्टर बघ. 'दिवसभर वैतागून घरी यायचो, तिला बघितलं की हसू फुटायचं.' आणि ही कोण ती, 'तिचं करपलेलं सूप आठवून रडतेय.'"

लेकीने चार ओळी वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हे आईबद्दल नाहीये."

"सूप करपायचंच की तिचं."

"चेटकिणीचंही करपतं! तुमचा निरोप परीक्षण म्हणून छापला गेलाय. थांबा, काढून टाकते."

काकांनी पुढचं पत्र उघडलं. "दहाव्या पत्राला मलाही शंका आली होती. एकाने तिच्या टोपीबद्दल लिहिलंय. आईकडे टोपी कुठे होती? पण राहू दे. वाचू दे मला."

लेकीने काढलं नाही. खुर्ची ओढून तीही शेजारी वाचत बसली.

रविवारी भाग आला. चेटकीण ठणठणीत! शोक करणाऱ्यांचं पित्त खवळलं. दातांच्या डॉक्टराने लिहिलं, "मी शनिवारी दवाखाना बंद ठेवला होता. लाज वाटायला हवी." दुपारी संपादकांचा फोन आला.

"काकूंना द्या जरा."

"ती गेली," काका म्हणाले.

"अहो, तेच तर म्हणतोय! गेलेली नाहीये ती!"

काका खुर्चीतून उठले. "काय म्हणता?"

"मी स्वतः बघितली आत्ता. ड्रॅगनच्या पाठीवर बसून खिदळतेय. लोकांनी माझं डोकं उठवलंय. तासाभरात खुलासा हवा, सांगा काकूंना." आणि फोन बंद.

खुलासा लिहायचा तर भाग बघायला हवा, म्हणून काकांनी तो बघितला. जन्मात पहिल्यांदा. बावीस मिनिटं. चेटकिणीने सर्दी घालवायचा मंत्र म्हटला आणि ड्रॅगनची सर्दी अख्ख्या गावाला झाली. काका हसले नाहीत. पण काकू कुठे कुठे हसल्या असत्या, त्या जागा त्यांना अचूक कळत गेल्या. एकोणीस वर्षं शेजारच्या खोलीतून ते तेवढंच ऐकत आले होते.

मग त्यांनी एका बोटाने लिहिलं, "परवा इथे 'ती गेली' असं छापलं गेलं. ती बातमी चुकीची होती. ती आहे. हसतेय. चुकीबद्दल क्षमस्व."

'ती आहे' या शब्दांवर ते बराच वेळ अडकून राहिले. शेवटी बटण दाबलं.

संपादकांचं उत्तर लगेच आलं : "काकू, वाचवलंत! पुढच्या भागाचं कधी पाठवताय?"

काकांनी स्वतःच फोन लावला. "पुढचं ती लिहिणार नाही. ती गेली."

पलीकडे एक लांब सुस्कारा. "काका, पाया पडतो तुमच्या. एकदाच नक्की सांगा. कोण गेलं?"

दारात लेक उभी होती. काकांनी सवयीने फोन तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली, घेतला नाही.

"माझी बायको," काका म्हणाले.

"काका, मला... आम्हाला खरंच काही कल्पना..."

"मंगळवारी सकाळी," काका म्हणाले. "मी कळवलं होतं तसं."