हयात माणसांच्या शोकसभा

निवडणूक आठवड्यावर आली असताना नगरसेवक आप्पांचा चष्मा प्रचारपत्रकांच्या गठ्ठ्याखाली चिरडला गेला. नवा मिळेपर्यंत थांबायला आप्पा तयार नव्हते. "वॉर्ड मला तोंडपाठ आहे, दिसायला कशाला हवा?" म्हणाले आणि निघालेसुद्धा. लेक धावत जाऊन त्यांच्या दंडाला धरून चालू लागली. आई गेल्यापासून या माणसाला सकाळी घराबाहेर काढणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे वॉर्ड. ही जागा हातची गेली तर बाबा दिवसभर त्या रिकाम्या घरात भिंतीकडे बघत बसतील, या धास्तीने ती रजा टाकून आली होती. आणि जागा जाणार, असं सगळेच म्हणत होते. समोर फरशीचा तरुण व्यापारी उभा होता. त्याच्याकडे पैसा होता, गाड्या होत्या आणि मुख्य म्हणजे घसा होता.

शिंपीमास्तरांच्या दारात रुग्णवाहिका उभी होती. आत माणसं खाली माना घालून बसलेली. सुनेचे डोळे सुजून लाल झालेले. आप्पांना एवढं अंधुक दिसलं आणि पुरलं. ते खुर्चीवर टेकले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलू लागले.

"मास्तर शाळेच्या मुलांच्या पँटी शिवायचे ना, तेव्हा पायाच्या घडीत चार बोटं कापड जास्तीचं ठेवायचे. मापात नाही, बिलात नाही. पोरगं वाढलं की आईने घडी उसवायची आणि चकित व्हायचं. असा माणूस होता."

"बाबा," लेकीने बाही ओढली, कारण एव्हाना तिला आतल्या दारात शिंपीमास्तर दिसले होते. पोटाला पट्टा, हातात औषधाची बाटली. ऑपरेशन होऊन तासाभरापूर्वीच घरी आले होते. त्यांचा डोळा लागावा म्हणून माणसं गप्प होती आणि सून रात्रभर इस्पितळात जागली होती, एवढंच.

पण आप्पांना अडवायला कुणी पुढे होईना. सगळे आ वासून ऐकत होते. शेवटी आप्पा थांबले, तेव्हा दारातूनच आवाज आला.

"पुढं?"

आप्पा दचकून उठले. मास्तर रडत होते. "ते कापड कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलंच नव्हतं हो. थांबलात का? बोला की!"

घरी येईपर्यंत लेकीला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. प्रचार सांभाळणारा आतेभाऊ तर कपाळाला हात लावून बसला. "मामा, जित्या माणसाची शोकसभा? फरशीवाला आता चौकाचौकात सांगत सुटेल!"

सांगत सुटले ते मात्र मास्तर, फरशीवाला नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळीच एक कंडक्टरीणबाई दारात हजर. "आमच्या ह्यांच्यावर पण बोला. आहेत अजून, पण बोला."

"आहेत तर मग काय बोलू?"

"'होते' म्हणूनच बोला. 'आहेत' म्हटलं की ह्यांना वाटतं, काहीतरी काम काढलंय."

बघता बघता रीघ लागली. नळ आणि रस्त्यांवर आप्पा बोलले की लोक जांभया द्यायचे. पण इथे माणसं श्वास रोखून बसत. ज्याच्यावर बोलायचं त्याला आतल्या खोलीत बसवायचं आणि दार किलकिलं ठेवायचं, अशी पद्धतच पडून गेली. सगळा वॉर्ड ज्याला शिव्या घालायचा त्या पाण्याचे मीटर वाचणाऱ्याबद्दल आप्पा म्हणाले, "येताना कितीही बोलणी खाल्ली, तरी जाताना प्रत्येक फाटकाची कडी लावून जायचा. कुणाचं कुत्रं त्याच्यामुळे कधी हरवलं नाही." आतल्या खोलीत मोठ्याने नाक शिंकरल्याचा आवाज आला. बाहेर त्याच्याशी वर्षानुवर्षं न बोललेली शेजारीण पदर डोळ्यांना लावून बसली होती.

लेक बघतच राहिली. या माणसाच्या हाताखाली ती वाढली होती आणि याने हे सगळं कधी पाहून ठेवलं, हे तिला ठाऊक नव्हतं. परतताना तिने न राहवून विचारलं, "आईच्या वेळी मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत."

आप्पा थोडं चालले. "तिच्यातलं एकच काय ते निवडता आलं नाही," म्हणाले, आणि रस्त्यातला खड्डा काठीने चाचपून बाजूने गेले.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या सभागृहात दोन्ही उमेदवार एका व्यासपीठावर आले. फरशीवाला आधी बोलला आणि त्याने आप्पांची पार सालटी काढली. मग आप्पा उठले, तोच मागून शिंपीमास्तर ओरडले, "आप्पा, आता ह्याच्यावर बोला!"

सभागृह खदखदून हसलं. आतेभाऊ खुशीत येऊन लेकीला म्हणाला, "ताई, बघ आता. मामा ह्याला जिवंत ठेवत नाहीत."

"फार लवकर गेला तो पोरगा," आप्पांनी सुरुवात केली. हशा पिकला. आप्पा तो ओसरेपर्यंत थांबले. "एकदा खालच्या गल्लीत पाइप फुटला होता. गुडघाभर चिखल. म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडता येईना. ह्याने गोदाम उघडलं आणि नवीकोरी फरशी चिखलात अंथरली, पार नाक्यापर्यंत. कुणाला बिल नाही की कुणाकडे बोलणं नाही. चौकात फलक नाही. त्या फरशीवरून माणसं औषधाला गेली, कामाला गेली. असा होता तो."

आता सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. फरशीवाला खुर्चीत आक्रसून बसला होता, कान तांबडेलाल.

"मामा, पुरे!" आतेभाऊ पडद्याआडून कुजबुजला. "मतं चाललीत!"

आप्पांना थांबवणं आता कुणाच्याच हातात नव्हतं. लेकीच्याही नव्हतं, ती स्वतःच डोळे पुसत होती.

आप्पा पडले. थोडक्या मतांनी नाही, सपशेल. आतेभाऊ अंगावर चादर ओढून झोपला आणि जेवायलाही उठेना. लेक चहा घेऊन बाबांच्या खोलीच्या दाराशी घुटमळत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात फरशीवाला. विजयी उमेदवाराचा तोरा कुठेच नव्हता; विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली.

"आप्पा, एक विचारू? ती फरशीची गोष्ट मला आठवतच नाही. आई म्हणते, तिला आठवते. बायको तर म्हणते, ती तिथंच उभी होती. मागे तिथं पाइप फुटला तेव्हा आमचं लग्नसुद्धा झालं नव्हतं हो!"

"बरं, मग?"

"आज खालच्या गल्लीत पुन्हा पाइप फुटला. सगळी गल्ली माझ्या दुकानासमोर येऊन उभी. काही मागेनात, नुसते मायेने बघतायत. काय करणार? दोन टेम्पो फरशी ओतली. भारीतली." तो जरा घुटमळला. "उद्या सकाळी माझ्याबरोबर येता का? कोण कुठं राहतं, कुणाचं काय दुखतंय, मला काही म्हणजे काही माहीत नाही. रोज आलात तर फार बरं होईल."

"लवकर ये," आप्पा म्हणाले. "मी सातला निघतो."

तो गेल्यावर लेकीने दार लावलं आणि तिथेच पाठ टेकून उभी राहिली.

"बाबा, त्याने खरंच तेव्हा फरशी अंथरली होती?"

आप्पांनी तिच्या हातातला चहा घेतला, एक घोट घेऊन बघितला.

"अंथरली ना आज," ते म्हणाले. "मी जरा आधी सांगितलं, एवढंच."