वीस खाटा शिल्लक

एका जंगलात, बाळांनो, दवाखान्याच्या दारात सकाळपासून भांडण पेटलं होतं.

"खाट रिकामी आहे की नाही, तेवढं सांगा," गोजरा सायाळ म्हणाली.

"आहे की," दवाखान्याचे मुख्य, बगळेसाहेब म्हणाले. "एक नाही, वीस आहेत."

"मग ह्यांना आत घ्या."

"घेतलं तर एकोणीस राहतील, आजी."

असं म्हणून साहेबांनी वर धरलेला पाय बदलला. दिवसभरात तेवढेच काय ते त्यांना कष्ट.

त्या जंगलात खोकल्याची साथ आली होती. सिंहमहाराजांनी लगोलग दवाखाना बांधला. वीस खाटा, पांढऱ्याशुभ्र चादरी, काढ्यानं भरलेली पिंपं. अस्वल डॉक्टर नेमले, ते दोन्ही वेळा चादरींच्या सुरकुत्या काढायचे. आणि रोज संध्याकाळी दवंडी पिटली जायची, "ऐका हो ऐका! दवाखान्यात वीस खाटा शिल्लक!"

ऐकून प्रजेला किती धीर यायचा म्हणून सांगू! शेजारच्या जंगलात एकही खाट शिल्लक नव्हती. तिथल्या गबाळ्यांनी खाटांवर आजारी जनावरं झोपवली होती. बगळेसाहेबांच्या हातून असली चूक झाली नव्हती. बावीस दिवस वीसच्या वीस! महाराजांनी त्यांना मोरपिसाचं पदकही दिलं होतं.

गोजराचा म्हातारा दारात कासवाच्या पाठीवर पडून होता. कासव म्हणजे जंगलाची रुग्णवाहिका. निवड समितीनं केली होती, कारण कासवाच्या नावावर एकही अपघात नव्हता. ओढ्यापलीकडून इथवर यायला दीड दिवस लागला. म्हाताऱ्याच्या छातीत फाटक्या भात्यासारखा आवाज येत होता. मधूनच तो डोळे उघडायचा, गोजरा आहे ना एवढं बघायचा, आणि पुन्हा मिटायचा.

"काल त्या रानडुकराला असंच परत पाठवलंत," गोजरा म्हणाली.

"पाठवलं. त्याचा खोकला थांबला. यादीत नोंद आहे."

"अहो, आमच्या वाटेतच मेला तो!"

"पण खोकला थांबला ना? आमच्या यादीत खोकल्याचा रकाना आहे, आजी. श्वासाचा नाही."

गोजराचे काटे सळसळले. तेवढ्यात कोल्हे चिटणीस धापा टाकत आले.

"महाराज पाहणीला निघाले! रुग्णाला स्वतःच्या हातानं फळं देणार आहेत! चित्र काढायला माकड सोबत आहे!"

बगळेसाहेब गडबडले नाहीत. त्यांचा रुग्ण तयार होता. चांगला गुबगुबीत ससा, डोक्याला पट्टी बांधून पहिल्या खाटेवर निजवलेला.

"खोकल्याला डोक्याला पट्टी?" गोजरानं विचारलं.

"चित्रात खोकला दिसत नाही, आजी. पट्टी दिसते."

सगळी तयारी चोख होती. फक्त फळं द्यायला येणारा सिंह आहे, हे कुणी सशाला सांगितलं नव्हतं. वळणावर आयाळ दिसली मात्र, ससा पट्टीसकट खिडकीतून पसार झाला. तो म्हणे तीन डोंगर ओलांडूनच थांबला.

बगळेसाहेबांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकले. बावीस दिवसांत पहिल्यांदा.

"आजी," ते म्हणाले, आणि आवाजात काय तो गोडवा! "अहो, म्हातारबाबांना उन्हात का ठेवलंय? आणा आत. आपलंच घर समजा."

अस्वल डॉक्टर स्वतः धावले. त्यांनी म्हाताऱ्याला उचलून खाटेवर निजवलं आणि वाटीभर काढा पाजला. बावीस दिवसांनी डॉक्टरांना रुग्णाला हात लावायला मिळाला होता. त्यांचे तर डोळेच भरून आले. गोजरा उशाशी बसली. काढा पोटात गेला तशी म्हाताऱ्याची धाप जरा उतरली.

महाराज आले. सीताफळ पुढे केलं. म्हातारा गदगदून खोकला. महाराज झटकन चार पावलं मागे सरले आणि चिटणीसांना म्हणाले, "काय हुबेहूब खोकतोय! मागच्या पाहणीतल्यापेक्षा हा चांगला आहे."

चित्र निघालं. महाराज गेले. त्यांच्या पावलांची धूळ खाली बसते न बसते तोच बगळेसाहेबांनी पाय वर घेतला.

"चला आजी, उचला आता. दवंडीची वेळ होत आली."

"डॉक्टर म्हणतात, पाच दिवस काढा द्यायला हवा."

"घरी द्या."

"घर दीड दिवसावर. वाटेतच जातील हे."

"म्हणजे खोकला थांबेलच," साहेब म्हणाले.

गोजरानं आदळआपट केली नाही. कपाळ बडवून घेतलं नाही. म्हाताऱ्याच्या अंगावर चादर नीट ओढली, उठली, आणि साहेबांकडे पाठ फिरवली.

आता बाळांनो, सायाळीनं पाठ फिरवली म्हणजे ती निघाली, असं समजायचं नसतं. तिचे सगळे काटे ताठ उभे राहिले. मग ती मागं मागं सरकू लागली. साहेबांचा तो एक पाय वीतभर अंतरावर राहिला, तेव्हा ती थांबली आणि मान वळवून म्हणाली,

"ह्यांना खाटेवरून उतरवलंत, तर आजच्या दवंडीत खाटा वीसच्या वीस शिल्लक निघतील, पण साहेब एक कमी भरेल."

तात्पर्य : आजारी पडायचंच झालं तर खाट रिकामी आहे का, हे विचारू नये, पाहणी कधी आहे, ते विचारावं. आणि नम्रपणा, सोशिकपणा वगैरे गुण घरी ठेवून यावेत. दवाखान्यात अंगावर काटे असलेले बरे.