तारेला वारा लागू नये म्हणून

निश शहरातील व्हॉल्व्ह-ध्वनी मंडळाचे ज्येष्ठ सभासद आणि पाणीपुरवठ्याचे निवृत्त अभियंता रादिवोये यांनी घरच्या घरी व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर बांधण्याचे काम हाती घेतले आणि जवळजवळ पूर्णही केले. रेकॉर्डवरून येणारा बारीक आवाज धष्टपुष्ट करून पुढे पाठवणारा हा डबा. व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्या, बसले, ट्रान्सफॉर्मर बसला, बटणे बसली. आतल्या जोडणीची तार तेवढी ठरायची होती. लागणार होती हातभर.

व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर कुठून आले हे विचारणे अशिष्ट ठरेल, पण सांगतो. घरातला जुना रेडिओग्राम त्यांनी त्यासाठी फोडला; रेकॉर्ड फिरवणारी चकती आणि स्पीकर तेवढे बाजूला ठेवले. तो उत्तम वाजत होता. सासूबाई स्तामेंका रोज त्यावर आपल्या दिवंगत नवऱ्याची, तिहोमिरची, एकुलती एक रेकॉर्ड ऐकायच्या. तिहोमिर अकॉर्डियन वाजवायचा. आता घरात रेकॉर्ड होती आणि ती वाजवणारे काही नव्हते.

"जावईबापू, माझे कान दिवसेंदिवस चाललेत," सासूबाई म्हणाल्या. "या स्लावाच्या सणाला तरी ऐकवा. पुढच्या वर्षी लावलीत तर मला नुसती फिरताना दिसेल."

"आई, नुसतं वाजवायचं असतं तर कालच वाजवलं असतं," रादिवोये म्हणाले. "चांगलं वाजायला हवं ना!"

मंडळाचा सचिव या नात्याने मी तातडीची सभा बोलावली. अध्यक्ष झिवोयिन हे दातांचे डॉक्टर. त्यांनी चांदीची तार सुचवली. चांदीने ऐकणाऱ्याचे दात आंबतात, असे एका सभासदाचे म्हणणे पडले आणि तांबे ठरले. मग तांब्याचा एकच जाड धागा की पुष्कळ बारीक, यासाठी उपसमिती नेमली गेली. पुष्कळ धागे असले की आवाजाला कुठून जावे ते कळत नाही, असा तिचा अहवाल आला. अनेक खिडक्यांच्या कचेऱ्यांचा अनुभव सर्वांच्या गाठीशी असल्याने तो बिनविरोध मंजूर झाला.

तेवढ्यात डॉक्टरांनी डब्याचे झाकण उचलले आणि त्यांचा चेहरा पडला.

"रादिवोये, अरे ही भोकं कसली?"

"हवा खेळायला. व्हॉल्व्ह तापतात ना."

"वर भोकं, खाली भोकं. आणि तार मधे?" डॉक्टरांचा आवाज कापरा झाला. "म्हणजे प्रोमायात की रे!"

प्रोमाया म्हणजे आरपार वारा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मधे बसलेल्याची मान धरते, तोंड वाकडे होते, मूत्रपिंडे कायमची बिघडतात, हे आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते. आतापर्यंत विचार झाला तो माणसांचा. तांब्याचा कोणी केलाच नव्हता, याची मंडळाला मनापासून लाज वाटली.

तारेला ऊबदार आवरण देण्याचा ठराव झाला. रेशीम पातळ पडले. सूत चालले असते, पण हिवाळा तोंडावर होता. शेवटी लोकर. स्तामेंकाबाईंचा मंडळावर कितीही राग असो, वाऱ्याच्या बाबतीत त्यांचे आमच्याशी एकमत होते. "आधी नाही का सांगायचं?" म्हणत त्यांनी सुया काढल्या आणि तारेला मोज्यासारखे आवरण विणून दिले, टोकाला गोंड्यासह. गोंडा अध्यक्षांच्या सूचनेवरून काढण्यात आला, कारण त्यात वरचे सूर अडकतात. भोके रादिवोये यांनी बुचांनी बंद केली.

स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस, उजाडला. स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला आठवण असते तो येतो. सगळे मंडळ आठवणीने आले. उपास होता, आणि आमच्या उपासाला मांस चालत नसले तरी मासे चालतात, म्हणून टेबलावर मासे होते आणि राकिया, म्हणजे फळांची कडक दारू. रादिवोये यांनी बटण दाबले. डब्यातून आधी ऊब आली, मग वास, मग धूर.

"लोकर जळतेय! खिडकी उघडा!" कोणीतरी ओरडले.

एक खिडकी उघडली. धूर हलेना. समोरची उघडली असती तर तो क्षणात गेला असता, पण खोली माणसांनी भरलेली होती आणि प्रत्येकाला मूत्रपिंडे होती. सगळे एकाच खिडकीच्या भरवशावर खोकत बसून राहिले.

"मी माझ्या तिहोमिरला ऐकायचं म्हणाले होते, मेंढीला नाही," स्तामेंकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ती दाराच्या घंटीची तार काढा आणि लावा."

"आई, घंटीची तार?" रादिवोये हादरले.

"स्लावाला दार उघडंच असतं. घंटी हवीय कोणाला? काढा म्हणते ना!"

तार निघाली, बुचे निघाली, डाख लागला. रेकॉर्ड फिरली आणि तिहोमिरचा अकॉर्डियन खोलीत आला. बाईंनी स्पीकरला कान लावला.

"खर्ज मोकळा झालाय," डॉक्टर म्हणाले. "वरचे सूर मात्र कोरडे."

"कोरडे? अहो, रस गळतोय नुसता!" रादिवोये उसळले.

"मग तार उलटी लावून बघ. घंटीकडचं टोक कुठलं होतं?"

दोन्ही बाजूंना पाठिंबा मिळत गेला, आवाज चढत गेले आणि रेकॉर्ड संपली.

"झालं?" स्तामेंकाबाईंनी विचारले. "मला तर तुम्हीच ऐकू आलात." त्यांचे डोळे भरून आले होते आणि या वेळी ते धुराने नव्हते, हे डॉक्टरांनाही कळले. बाई उठल्या. "चला, बाहेर व्हा सगळे. जावईबापू, तुम्हीसुद्धा!"

अख्खे मंडळ माशांच्या ताटल्या घेऊन जिन्यात उभे राहिले. दार आतून लागले. तिहोमिर पुन्हा वाजू लागला, एकदा, मग परत, आणि त्याच्याबरोबर बाईंचे गुणगुणणे ऐकू येऊ लागले. डॉक्टरांनी दाराला कान लावला आणि म्हणाले, "लाकडातून ऐकलं की तांबं खुलतं." मी ते इतिवृत्तात नोंदवले.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली. बाई आत काय गुणगुणत होत्या, हे एकानेही विचारले नाही. सगळ्यांची शंका एकच असते. आपणही इथवर वाचत आलात, तेव्हा आपलीही तीच असणार असे गृहीत धरून उत्तर देतो: तार पांढरी होती, जाड, एकेरी.